बचत समितीपुढचं माझं एक वाक्य

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा नोकरीच्या आठवणींची पानं आहेत. लेक मंडळात जाते, तिने मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. मग मी मे महिन्यात मटक्याचं पाणी गार कसं ठेवावं यावर दीड पान लिहून दिलं. ते सगळ्यांना फार आवडलं म्हणे. चौथी शिकलेल्या बाईने दीड पान लिहिलं म्हणजे पुष्कळ झालं. पण एकदा लिहायला लागलं की हात थांबत नाही. उरलेलं लेकीच्या जुन्या शाळेच्या वहीत लिहिते आहे. हे अंकासाठी नाही.

मी जयपूरला केंद्र सरकारच्या एका कार्यालयात पाणीवाली होते. खात्याचं नाव लिहीत नाही. आमचे मालक इथल्या मिलिटरीच्या डेपोत होते. ते आजारपणात गेले तेव्हा लेक तीन वर्षांची होती. माण तालुक्यातल्या गावी जाऊन दिराच्या ओसरीवर बसायचं की इथेच काही काम बघायचं, असे दोनच रस्ते होते. मालकांच्या वरच्या अधिकाऱ्याने एका मराठी साहेबांना चिठ्ठी दिली. साहेबांनी मला ऑफिसात उभं केलं आणि हेडक्लार्क गिरधारीजींना बोलावलं.

गिरधारीजी म्हणाले, "साहब, पानी का काम है. ये कौन हैं?"

साहेब म्हणाले, "दक्षिणी हैं. साफ-सुथरी हैं, पढ़ना-लिखना जानती हैं."

गिरधारीजींनी आयुष्यात दोनच दक्षिणी, म्हणजे मराठी, माणसं पाहिली होती. एक हे साहेब आणि एक त्यांच्या आधीचे साहेब. दोघेही ब्राह्मण. माझं पांढरं पातळ, मोकळा गळा आणि वाचता येणं, एवढ्यावर त्यांनी मनात बेरीज केली आणि दुपारपर्यंत मी 'पंडितानीजी' झाले. मी जातीची महार. साहेबांना ते ठाऊक होतं, अर्ज त्यांच्या हातात होता. रजिस्टरात त्यांनी नुसतं 'शेवंताबाई' लिहिलं, आडनावाची जागा कोरी ठेवली आणि सहा महिन्यांनी बदली होऊन मद्रासला गेले. कोणी विचारलं तर खरं सांगायचं असं मी ठरवलं होतं. कोणी विचारलंच नाही. सरकारी कार्यालयात एकदा नोंद झाली की ती खरी आहे का, हे पाहायचं काम कोणाकडेच नसतं.

पाणी पाजणं हे काम लोकांना सोपं वाटतं. अंगणातल्या नळाला सकाळी दोन तास पाणी यायचं. तेवढ्यात अकरा मटकी घासून भरायची. ती ओल्या वाळूवर बसवायची आणि तोंडाला मलमलचा फडका बांधायचा. उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या टट्ट्या लागायच्या, त्यांच्यावर दर अर्ध्या तासाला पाणी मारायचं. म्हणजे आतल्या बाबूंना गार वारा मिळायचा आणि बाहेर मला तापलेल्या वाऱ्याची लू लागायची. शिवाय प्रत्येकाची तऱ्हा निराळी. कोणाला पितळी पेला, कोणाला काचेचा. जुन्या वळणाचे लोक भांड्याला तोंड लावत नसत. ते ओंजळ धरून उभे राहायचे आणि मी नळीच्या झारीने वरून धार सोडायची. एक बाबू फाईल उघडण्याआधी पाणी मागायचे आणि फाईल बांधल्यावर पुन्हा मागायचे. दिवसभरात त्यांचा एकच पेला झाला की त्या दिवशी एकही फाईल हलली नाही, हे मला कळायचं. हजेरीपेक्षा माझी मटकी जास्त खरं बोलायची.

झाडूचं आणि संडासाचं काम केसरकडे होतं. ती आमेरहून बसने यायची. माझ्या आधी तीन वर्षं लागलेली. माझ्यासारखीच रोजंदारीवर. पहिल्या उन्हाळ्यात ती अंगणाच्या कोपऱ्यात लांब ओंजळ धरून उभी राहिली, तसं मी जवळ जाऊन तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. ती दोन पावलं मागे सरली.

"पंडितानीजी, मेरे से छू जाओगी."

"छू दे," मी म्हटलं. आणि का ते तिला हळूच सांगितलं.

केसर खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून इतकी हसली की आतून एक बाबू बघायला आले. "कुछ नहीं हुजूर, ततैया आ गया था," ती म्हणाली. ततैया म्हणजे गांधीलमाशी. नंतर तिने ती गोष्ट कोणाजवळ काढली नाही. फक्त आम्ही दोघीच असलो की मला 'पंडतानी' म्हणताना तिचा एक डोळा बारीक व्हायचा.

अशी तीन-चार वर्षं गेली आणि पगारवाढीचा करार झाला.

सालं मी लिहीत बसत नाही. साठच्या आसपासची गोष्ट आहे. देशभर महागाईची ओरड होती, सभा होत होत्या. आमच्या ऑफिसातले युनियनचे चिटणीस रामकिशनजी होते. आवाज मोठा, पाणी पितळी पेल्यातून, तेही सारखं, कारण भाषणाने घसा सुकायचा. दिल्लीला बोलणी झाली, त्यात ते कुठेतरी मागच्या रांगेत बसून आले. करार झाला त्या दिवशी ऑफिसात कचोऱ्या आल्या. मलाही एक मिळाली.

"पंडितानीजी, तुमच्यासाठी पण भांडलो आहे," रामकिशनजी म्हणाले. त्यांचं हिंदी बोलणं मी आपल्या मराठीत लिहिते.

"मला किती वाढले?" मी विचारलं.

"तुम्हाला वाढ नाही. तुम्ही रोजंदारीवर. पण करारात एक कलम मी स्वतः घालून घेतलं आहे. रोजंदारीचं माणूस कमी करायची वेळ आली तर जो शेवटी लागला तो आधी जाईल, जुन्या माणसाला हात लावायचा नाही. साहेबाच्या मर्जीचं राज्य संपलं."

मी कचोरी खाल्ली. चांगली होती.

वाढ ऑफिसात यायच्या आधी बाजारात पोचली. आमचा दूधवाला बिनशिकलेला, पण कराराची कलमं त्याला तोंडपाठ. "सरकारने दिया है, बाईजी," असं म्हणून त्याने भाव वाढवला. घरमालकाने भाडं वाढवलं. मी म्हटलं, मला काही मिळालेलं नाही. तो म्हणाला, "दफ्तर तो वही है न?" वाढ ज्यांना मिळाली त्यांनी ती महिन्याभरात बाजाराला देऊन टाकली. ज्यांना मिळाली नाही त्यांनीही दिली. या बाबतीत सरकारने कोणाला वगळलं नाही.

दीड महिन्याने वरून दुसरं पत्र आलं. वाढीव पगार जरूर द्यावा, पण त्याचा बोजा प्रत्येक कार्यालयाने आपल्याच खर्चात काटकसर करून भरून काढावा. म्हणजे पगारवाढ दिल्लीने दिली, पेपरात फोटो दिल्लीचे आले, आणि पैसे देण्याचं काम आमच्या मटक्यांवर येऊन पडलं.

हे कसं, ते गिरधारीजींनी मला समजावून सांगितलं होतं. मनाने ते वाईट नव्हते. ऑफिसाचे पैसे दोन पेट्यांत असतात असं समजा, ते म्हणाले. एका पेटीत पगार. तिला हात लावायचा नाही, करार झाला आहे. दुसऱ्या पेटीचं नाव आकस्मिक खर्च. तिच्यात मटकी, झाडू, फिनेल, वाळ्याच्या टट्ट्या, शाई, सुतळी.

"आणि आम्ही दोघी?" मी विचारलं.

"तुम्ही पण त्याच पेटीत," ते म्हणाले आणि जरा ओशाळले. इतकी वर्षं रोज सकाळी वेळेवर येऊन मी आकस्मिक होते, हे मला त्या दिवशी कळलं.

बचत करायची म्हणून पाच जणांची बचत समिती नेमली. अध्यक्ष गिरधारीजी, कामगारांच्या वतीने रामकिशनजी, आणखी तीन बाबू. समिती दुपारी तीनला बसायची. तिच्यासाठी चहा आणि कचोऱ्या यायच्या, आणि त्यांचा खर्चही आकस्मिक पेटीतूनच व्हायचा. पहिल्या बैठकीत ठरलं की पेन्सिलीचं थोटूक जमा केल्याशिवाय नवी पेन्सिल द्यायची नाही. थोटकं मोजायला एक बाबू बसवला. त्याचं रोजचं काम तुंबलं, म्हणून त्याला संध्याकाळी ओव्हरटाइम देऊन थांबवलं. दुसऱ्या बैठकीत टट्ट्या निम्म्या केल्या. त्या उन्हाळ्यात निम्मं ऑफिस दुपारी आजारी पडायचं. कामं आणखी साचली. मग ती उरकण्यासाठी सगळ्यांनाच ओव्हरटाइम. तो पगाराच्या पेटीतून. पगाराची पेटी फुगली म्हणून आणखी बचतीचं पत्र आलं.

तिसऱ्या बैठकीत आमची पाळी आली. ठरलं असं की दोन बायांच्या जागी एक ठेवायची. तीच झाडू मारील आणि तीच पाणी पाजील.

रामकिशनजींनी लगेच हात वर केला. "कोण राहील ते करारात स्पष्ट आहे. जुनं माणूस राहील. केसर जुनी आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दाराशी झारी घेऊन उभी होते. त्या महिन्यात लेक तिसरीत गेली होती, भाडं नुकतंच वाढलं होतं आणि गावाकडे दिराने जमीन आपल्या नावावर करून घेतल्याचं पत्र आलं होतं. हे काम गेलं तर दुसऱ्या दिवशी कुठे जायचं ते मला माहीत नव्हतं.

मग थोटकं मोजणारे बाबू सावकाश म्हणाले, "म्हणजे पाणी केसरच्या हातचं."

रामकिशनजींनी समोरचा पितळी पेला उचलला, आत पाहिलं आणि तसाच खाली ठेवला. मजुरांमध्ये जातपात नसते, असं त्यांचं एक भाषण होतं. मी ते चार वेळा ऐकलं होतं. त्या दिवशी त्यांना ते आठवलं नाही.

पुढे तीन आठवडे समिती रोज बसली. केसरला ठेवावी तर मटक्यातल्या पाण्याला कोण तोंड लावणार? पंडितानीला ठेवावी तर तिच्या हातात झाडू द्यायचा कसा, पाप लागेल. दोघींना ठेवावं तर बचत होत नाही. एकाने सुचवलं, जो तो घरून सुरई आणील. दुसरा म्हणाला, सुरईला पैसे पडतात, पगारवाढ काय सुरया घ्यायला झाली का? तीन आठवड्यांत समितीने जेवढ्या कचोऱ्या खाल्ल्या त्यात केसरचा उन्हाळा निघाला असता. ते मी मोजत नव्हते. बश्या मीच उचलत होते, म्हणून कळायचं.

त्या दिवसांत केसर आणि मी एकमेकींशी नेहमीसारखंच बोलत होतो. फक्त तो विषय काढत नव्हतो. एकदा ती म्हणाली, "पंडतानी, मेरे को रख लिया तो तेरे को क्या करना है, सोचा?" मी मान हलवली. "मैंने भी नहीं सोचा," ती म्हणाली आणि झाडू घेऊन गेली.

शेवटी समितीने आम्हा दोघींना एकत्र बोलावलं. केसर दाराच्या बाहेर उभी राहिली, मी आत. गिरधारीजी म्हणाले, "आज काहीतरी लिहून वर पाठवायलाच हवं. पंडितानीजी, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

त्या ऑफिसात मी 'जी' आणि 'अभी लाई' यापलीकडे फारसं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"झाड़ू भी मैं लगा लूँगी."

एवढंच वाक्य. मागे उभ्या असलेल्या केसरकडे मी पाहिलं नाही.

समिती चकित झाली. एक बाबू म्हणाले, "संडाससुद्धा?" मी हो म्हणून मान हलवली. रामकिशनजींच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "बघा," ते म्हणाले, "देशाच्या बचतीसाठी एक पंडितानी झाडू घेते." मग लगेच तोडगाही निघाला. पंडितानीने आधी झाडावं, मग नळावर आंघोळ करावी, मग मटकी भरावी, म्हणजे हरकत नाही. आंघोळ केसरलाही करता आली असती. हे सगळ्यांत सोपं होतं, म्हणून कोणाला सुचलं नसावं.

राहिलं ते कलम. गिरधारीजींनी विचार केला. जुन्या माणसाची स्वतःचीच हरकत नसेल तर कलम आड येत नाही, असं ते म्हणाले. रामकिशनजींनी त्याला मान्यता दिली. ज्याने कलम लिहिलं, त्याला ते वाकवायचाही हक्क असतो.

"केसर, तुझी काही हरकत?"

आता मी वळून पाहिलं. केसरला एक वाक्य बोलायचं होतं फक्त. माझी जात काय ते सांगितलं असतं तर माझ्या हातातली झारी तिथेच खाली पडली असती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा डोळा बारीक झाला नाही.

"ना हुजूर," ती म्हणाली आणि अंगठा पुढे केला.

वर गेलेल्या कागदात माझ्या त्यागाबद्दल दोन ओळी होत्या. गिरधारीजींनी मला त्या कौतुकाने वाचायला दिल्या. त्यांच्याखाली लिहिलं होतं, एक जागा कमी, बचत झाली. मजुरी तेवढीच ठेवली होती. दोन कामांची एक मजुरी, हा माझ्याशी झालेला करार. तो सहज झाला, बोलणी करायला दिल्लीला जावं लागलं नाही.

दोन महिन्यांनी मी आमेरची बस धरली. केसरला तिथल्या दोन सरायांत झाडूचं काम मिळालं होतं, ऑफिसातल्यापेक्षा निम्म्या पैशात. तिने मला खाटेवर बसवलं आणि चहा केला. मी विचारलं, "तू सांगितलं का नाहीस?"

"सांगून मला काय मिळालं असतं?" केसर म्हणाली. "तुझ्या हातून घडा सुटला असता. पण माझ्या हातात कुणी दिला असता का?" मग ती म्हणाली, "पण तू त्या दिवशी माझ्याकडे बघायला पाहिजे होतंस. आधी."

मी चहा पिऊन परत आले. नंतर तीन-चार महिन्यांतून एकदा मी जात राहिले. गावाकडचा मसाला न्यायची, ती बाजरीची भाकरी करायची. आम्ही ऑफिसच्या गप्पा मारायचो. रामकिशनजींची नक्कल ती माझ्यापेक्षा चांगली करायची, पेला नाकापाशी धरून.

मी सकाळी सातला जायची, झाडायची, संडास धुवायची, थंडीतसुद्धा नळाखाली आंघोळ करायची आणि ओल्या केसांनी अकरा मटकी भरायची. कोणाचा धर्म बुडाला नाही. माझा गुडघा तेवढा गेला.

सहा-सात वर्षांनी आणखी एक करार झाला. पुन्हा कचोऱ्या. या वेळी मात्र आमच्यासाठी खरंच काही होतं. रोजंदारीच्या माणसांना कायम करायचं. कायम म्हणजे पगार, रजा, महागाई भत्ता आणि शेवटी पेन्शन. पगारवाढीच्या ज्या पेटीला मी इतकी वर्षं बाहेरून पाणी घालत होते, तिच्यात आता जायला मिळणार होतं. आमच्या ऑफिसला एकच जागा आली.

गिरधारीजींनी मला बोलावलं. केस पांढरे झाले होते, निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. जातीच्या रकान्यात त्यांनी आपणहून 'ब्राह्मण' लिहून ठेवलं होतं. एवढी मोठी बढती मला मिळाली आणि सरकारचा एक पैसा खर्च झाला नाही.

"एक अडचण आहे," ते म्हणाले. "नव्या कराराप्रमाणे आधी कमी केलेलं माणूस असेल तर पहिला हक्क त्याचा. म्हणजे केसरचा. आता पाण्याला कूलर येणार आहे, तेव्हा तीही अडचण नाही. तिला कळवावं लागेल. रजिस्टरात नुसतं 'केसर, झाडूवाली' लिहिलं आहे. पत्ता नाही."

रामकिशनजी शेजारी बसले होते. "आमेरकडची होती बहुतेक," ते म्हणाले.

"आमेर काय एवढंसं आहे? पंडितानीजी, तुम्हाला तिचा काही ठावठिकाणा?"

लेक तेव्हा दहावीला होती.

"नहीं," मी म्हणाले.

दोघांनाही ते खरं वाटलं. पंडितानीला झाडूवालीचं घर कुठून माहीत असणार? गिरधारीजींनी नियम पाहिला. पत्ता मिळत नसेल तर कार्यालयाच्या सूचनाफलकावर पंधरा दिवस नोटीस लावावी, असा नियम होता. त्यांनी हिंदीत नोटीस लिहिली आणि काचेच्या आत लावली. केसर पंधरा दिवसांत हजर झाली नाही तर तिचा हक्क संपला असे समजले जाईल. केसरला वाचता येत नव्हतं, आणि ती सात मैलांवर होती.

त्या पंधरा दिवसांत एक रविवार आला. मी आमेरला गेले. केसरच्या हातची भाकरी खाल्ली. तिचे पाय सुजले होते, सरायांतल्या पायऱ्या फार होतात म्हणाली. मी तिला मिठाच्या पाण्यात पाय ठेवायला सांगितलं आणि शेवटच्या बसने परत आले.

सूचनाफलकाची काच पुसणं माझ्या कामात होतं. पंधरा दिवस मी ती रोज सकाळी पुसली, अगदी स्वच्छ, लांबून सगळी अक्षरं वाचता येतील इतकी.